फक्त सब बदलून बेस का वाढत नाही

प्रश्न थोडक्यात असा: सेडान गाडी आहे. मागच्या काचेखालच्या ट्रेमध्ये कंपनीने बसवलेला ८ इंची सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा स्पीकर (थोडक्यात सब), आहे. आवाज निम्म्याच्या वर नेला की बेस पातळ होतो, आणि काही गाण्यांत फडफडही ऐकू येते. तो काढून त्याच जागी रिंग लावून, त्याच वायरींवर, खोक्यावर १००० वॅट लिहिलेला बाहेरचा १० इंची सब बसवला तर चालेल का?

बसेल. वाजेलही. पण बहुतेक करून आत्ता वाजतोय त्याहून कमी वाजेल, आणि तुम्हाला वाटेल नवा सबच सदोष निघाला.

हे ऐकीव नाही. या कामात नवा होतो तेव्हा एका गाडीतला कागदी कोनचा (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा), फुसका दिसणारा सब काढून मी तिथे चांगला जड, जाड रबरी सराउंडचा (कोनभोवतीच्या लवचिक कडेचा) सब मोठ्या हौसेने बसवला होता. मॅग्नेटच जुन्याच्या तिप्पट. दोन दिवसांनी गाडीमालक परत आले. ‘दिसायला झकास आहे हो, पण बेस गेला कुठे?’ मी वायरी उलटसुलट करून पाहिल्या, कपलर (वायरींचा जोड) तपासला, सगळं ठीक. शेवटी जुना सब परत जोडला, तर तोच जास्त वाजला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की कंपनीचा सब हा सुटा भाग नसतोच. सबची कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं), त्याला पॉवर देणारा ॲम्प, सब बसतो ती जागा आणि ॲम्पमधलं ट्यूनिंग हे चौघं एकमेकांच्या मापाने बनवलेले असतात. त्यातला एक काढला तरी उरलेले तिघं गेलेल्याच्याच हिशोबाने चालत राहतात.

हिशोब मांडूनच दाखवतो. इंजिन चालू असताना ॲम्पला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. कंपनीच्या बऱ्याच ॲम्पमध्ये व्होल्टेज चढवणारा वेगळा सप्लाय नसतो, त्यामुळे आउटपुट ब्रिज (स्पीकरला दोन्ही टोकांनी ढकलणारा) असला तरी सिग्नलची उंची १४.४ व्होल्टच्या वर जात नाही. एवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे कॉइलचा विजेला होणारा अडथळा) कॉइलमध्ये आवाज न फाटता जास्तीत जास्त २६ वॅट जातात. २ ओहमच्या कॉइलमध्ये ५२ आणि १ ओहममध्ये १०४. प्रत्यक्षात ॲम्प स्वतःही थोडं खातो, म्हणजे हातात याहून कमीच पडतं. म्हणून गाडीच्या कंपन्या सबची कॉइल २ ओहमची किंवा त्याहून खालची ठेवतात. बोजच्या काही कार सिस्टीममध्ये तर १ ओहमचे आणि त्याखालचेही स्पीकर असतात. तुम्ही बाहेरचा सब ४ ओहमचा आणलात आणि जुना २ ओहमचा होता, तर पहिल्याच फटक्यात पॉवर निम्मी. ३ डेसिबल गेले.

दुसरा फटका सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर सब किती आवाज देतो त्याचा, आणि तो मोठा असतो. कंपनीच्या सबचा कोन हलका असतो, कारण कमी वॅटमध्ये जास्त आवाज काढणं हेच त्याचं काम. बाहेरचा सब शेकडो वॅट आणि लांब हालचाल सोसायला बनवलेला. त्याचा कोन, कॉइल, सराउंड सगळंच जड. एका वॅटला जुना ८८ डेसिबल देत असेल आणि नवा ८३, तर त्यात नवल काहीच नाही. हे ५ आणि आधीचे ३ मिळून ८ डेसिबल झाले. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, यावरून अंदाज करा. (सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाचताना तो १ वॅटवरचा आहे की २.८३ व्होल्टवरचा, हे पाहा. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट, पण २ ओहमला ४ वॅट. त्यामुळे २ ओहमच्या सबचा आकडा काही न करता ६ डेसिबलने फुगतो. पत्रकात हे बारीक अक्षरात असतं, कधी तेही नसतं.)

आणि खोक्यावरचे ते १००० वॅट? सब किती पॉवर झेलू शकतो, याचा तो आकडा. किती आवाज देईल याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. त्यातही तो बहुतेक वेळा पीकचा, म्हणजे क्षणभराचा असतो. तुमच्या कामाचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत झेलता येणाऱ्या पॉवरचा. २५ वॅटच्या ॲम्पवर १००० वॅटचा सब लावणं म्हणजे हापशाच्या धारेखाली टाकी भरायला ठेवणं.

आता तुमच्या तक्रारीकडे. त्या एक नाहीत, दोन आहेत, आणि दोघींचं मूळ वेगळं असू शकतं.

फडफड आधी. जाळी काढा आणि दोन्ही हातांची बोटं कोनवर सारख्या अंतरावर ठेवून तो हळूच, सरळ आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, सब गेला. सराउंडला चीर आहे का, कोनच्या कडेला गोंद सुटलाय का, बघा. हे सगळं ठीक असेल तर मोबाइलवर २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा टोन मध्यम आवाजात लावा आणि मागे बसून हाताने एकेक वस्तू दाबत जा: ट्रे, मागच्या काचेजवळचा ब्रेक लाइट, सीटबेल्टचं झाकण, डिकीच्या झाकणावरची नंबर प्लेट. ‘सब फाटलाय’ म्हणून आलेल्या गाड्यांत मला सबच्या आधी ट्रेचं प्लास्टिक सापडलंय, तेही एकदा-दोनदा नाही. दहा मिनिटांचं काम आणि फोमची एक पट्टी. नवा, ताकदवान सब बसवल्यावर ही खडखड चौपट होते, तेव्हा ती आधीच मिटवलेली बरी.

कॉइल खरंच घासत असेल आणि बाकी आवाज तुम्हाला आवडत असेल, तर फक्त सब बदलणं हेच योग्य. पण मग बदली सब १० इंची नको. त्याच मापाचा, तेवढ्याच ओहमचा, हलक्या कोनचा आणि चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा शोधा. कपलर काढून मल्टिमीटर लावा. मीटर नेहमी थोडं कमी दाखवतो: १.६ ते १.८ आलं तर तो २ ओहमचा, ३.२ ते ३.६ आलं तर ४ ओहमचा. सबला चार वायरी असतील तर आत दोन कॉइल आहेत आणि बहुतेक प्रत्येक कॉइल ॲम्पच्या वेगळ्या चॅनलवर आहे. तिथे एकच कॉइल असलेला सब आणून दोन चॅनलच्या वायरी एकत्र पिळायच्या नाहीत. आउटपुट एकमेकांवर आले की ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा कायमचा जातो.

आता बेस पातळ होण्याची गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. सबचा यात बहुधा दोष नाही. कंपनीच्या स्टिरिओत किंवा ॲम्पमध्ये मुद्दाम अशी सोय केलेली असते की आवाज वाढला की खालचा बेस आपोआप कापला जावा. लहान सब फाटू नये म्हणून. कमी आवाजात भरदार आणि मोठ्या आवाजात पोकळ, हे त्याचं लक्षण. याची खात्री करायला ४५ हर्ट्झचा टोन लावा, सब जोडलेला ठेवूनच त्याच्या वायरींवर मीटर एसी व्होल्टवर धरा, आणि आवाजाच्या प्रत्येक टप्प्याला आकडा लिहीत जा. टप्पे लवकर उरका. मोठ्या आवाजात असा टोन सबला फार वेळ देऊ नये. मग पुढच्या दाराच्या स्पीकरवर ३०० हर्ट्झच्या टोनने तेच करा. दाराचा आकडा चढत राहिला आणि सबचा मध्येच थबकला किंवा उतरला, तर तुमचा बेस स्टिरिओच कापतोय. असं असेल तर सब कितीही मोठा आणा, कापलेला सिग्नल त्याला मोठा करून वाजवता येईल, पण मुळात नसलेला बेस तो कुठून आणणार?

तेव्हा सबच्या आधी सिग्नल कुठून घ्यायचा ते ठरवावं लागतं. सबच्याच वायरींतून घेणं सगळ्यात सोपं, आणि पुष्कळदा सगळ्यात वाईट. तिथे बेस कापलेला असतो, वर ८ इंची कोन वाचवायला अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीही गाळलेल्या असतात. पुढच्या दाराच्या चॅनलवर कापाकापी बऱ्याचदा कमी असते. तीही याच पद्धतीने मोजा. ॲम्प आणि स्टिरिओमधलं नातं डिजिटल असेल तर ॲम्पच्या आधीचा सिग्नल साध्या वायरीतून मिळणार नाही, तो ॲम्पच्या नंतरच उचलावा लागतो. दाराचा वूफर आणि ट्विटर वेगवेगळ्या चॅनलवर असतील तर डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने सुधारणारा प्रोसेसर) घ्या आणि सगळे सिग्नल त्यात एकत्र करून कंपनीचा ईक्यू (फ्रिक्वेन्सीनुसार केलेली चढ-उतार) सपाट करून घ्या. साधा लाइन आउटपुट कन्व्हर्टर व्होल्टेज उतरवून देतो, पण कापलेला बेस भरून काढत नाही. ते काम करणारे वेगळे प्रोसेसर मिळतात आणि माझा त्यांच्यावर माफक विश्वास आहे. मुळात चांगला सिग्नल शोधलेला बरा.

एक बारकावा. काही सिस्टीम स्पीकर जोडलेला आहे की नाही ते तपासतात आणि नसला तर ते चॅनल बंद करतात. जुना सब काढल्यावर एखादं चॅनल अचानक मुकं झालं तर घाबरू नका. त्या वायरींवर योग्य मापाचा रेझिस्टर लावला की ते परत बोलतं.

मग १० इंची सब त्या ट्रेमध्ये बसवायचा का? मला ती जागा त्याच्यासाठी आवडत नाही. ट्रेमधल्या सबला बॉक्स नसतो, अख्खी डिकी हाच त्याचा बॉक्स. अशा मोकळ्या जागेत बसण्यासाठी क्यूटीएस (कोनच्या हालचालीला सबचा स्वतःचा आवर किती, त्याचा पत्रकातला आकडा; आकडा मोठा तर आवर कमी) साधारण ०.६ ते ०.८ असलेला सब लागतो, आणि कंपनीचा सब बहुधा त्याच जातीचा असतो. बाजारातले बरेच ताकदवान सब ०.४ ते ०.५ चे असतात, ते बॉक्ससाठी. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी कोनला मागे खेचते. ट्रेमध्ये ती स्प्रिंग नाही, म्हणून थोड्या वॅटमध्येच कोन शेवटच्या टोकाला जाऊन ठोकतो. शिवाय ट्रेचा पत्रा पातळ, वरच्या बाजूला बारीक भोकं, मागच्या सीटच्या फटी. सबच्या मागचा आवाज तिथून पुढे आला की पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. आणि पत्र्याला खालून डिकीचे टॉर्शन रॉड (झाकण उचलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या सळया) जातात, मोठ्या मॅग्नेटला ते आडवे येतात. हे लोकांना पत्रा कापल्यावर कळतं. गाडीचा पत्रा कापून परत जोडता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

त्यापेक्षा डिकीत बंद बॉक्स. बॉक्स किती लिटरचा हवा ते अंदाजाने ठरवू नका, तीन आकड्यांचं गणित आहे. समजा सबचा क्यूटीएस ०.५, एफएस (सबचा मोकळ्या हवेतला रेझोनन्स, म्हणजे कोन आपोआप ज्यावर डोलतो ती फ्रिक्वेन्सी) ३५ हर्ट्झ आणि व्हीएएस (कोनच्या सस्पेन्शनइतकी स्प्रिंग देणारी हवा) ३० लिटर. बॉक्स १५ लिटरचा घेतला तर ३० भागिले १५ म्हणजे २, त्यात १ मिळवून ३, त्याचं वर्गमूळ १.७३. याने क्यूटीएस आणि एफएस हे दोन्ही आकडे गुणा: बॉक्समधला क्यू झाला ०.८७ आणि रेझोनन्स ६१ हर्ट्झ. बरा बॉक्स, ठोका थोडा भरीव. तोच सब ८ लिटरच्या खोक्यात कोंबला तर क्यू १.०९ आणि रेझोनन्स ७६ हर्ट्झ. आता प्रत्येक गाण्यात एकच ‘धुम्म’ ऐकू येईल. काही गाड्यांमध्ये कंपनीने डिकीच्या बाजूला छोटं प्लास्टिकचं खोकं दिलेलं असतं, तिथे बाहेरचा सब बसवणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. ०.७ च्या आसपासचा क्यू सगळ्यात सपाट आणि नेटका. गाडीच्या बंद केबिनमुळे खालच्या फ्रिक्वेन्सी आपोआप उचलल्या जातात, त्यामुळे खोलीत कोरडा वाटणारा बंद बॉक्स गाडीत छान उतरतो. पोर्टेड (हवेसाठी नळी ठेवलेला) बॉक्स जास्त जोरात वाजतो हे खरं, पण तो मोठा असतो, त्याचं गणित चुकलं तर आवाज बेढब येतो, आणि पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला आवर राहत नाही म्हणून अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा सबसॉनिक फिल्टर लागतोच.

आकाराने फरक मात्र खरा पडतो, तो असा मोजा. ८ इंची कोनचं क्षेत्रफळ सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर, एका बाजूची हालचाल ५ मिलिमीटर, म्हणजे १०७ घनसेंटिमीटर हवा. १० इंचीचं क्षेत्रफळ ३४० आणि हालचाल १२ मिलिमीटर असेल तर ४०८. जवळजवळ चौपट हवा, म्हणजे साडेअकरा डेसिबलची वाढ. पण ती मिळवायला कोन तेवढा हलवणारी पॉवर हवी, आणि ती कंपनीच्या ॲम्पकडे नाही. म्हणून वेगळा मोनो (एकाच चॅनलचा) ॲम्प.

ॲम्पच्या वायरिंगमध्ये मी हट्टी आहे. ५०० वॅट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात साधारण ४५ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत निदान ८ गेजची, जमल्यास ४ गेजची (आकडा लहान तेवढी वायर जाड) शुद्ध तांब्याची वायर टाका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते, पण वीज बरीच कमी वाहते. ती घ्यायचीच असेल तर एक-दोन माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. फायरवॉलच्या भोकात वायर घासून पत्र्याला टेकली तर गाडी पेटण्यापासून वाचवणारी तेवढी एकच गोष्ट आहे, म्हणून भोकात रबरी ग्रोमेटही हवाच. ॲम्पची अर्थची (निगेटिव्ह) वायर डिकीतच, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, थिंबल नीट क्रिम्प करून. सीटबेल्टच्या बोल्टवर अजिबात नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर अर्थ थेट त्या टर्मिनलवर घेऊ नका, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशोब बिघडतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलच्या आसपास हातही नको. काम सुरू करताना निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात.

दोन कॉइलचा सब घेतलात तर ॲम्पला चालेल असा ओहम आधी ठरवा. २ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की १ ओहम, एकामागे एक जोडल्या की ४. चारच्या दोन असतील तर २ किंवा ८.

ॲम्पवरचा गेन हा आवाजाचा नॉब नाही, तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचा नॉब आहे. सब सोडवून ठेवा, बेस बूस्ट शून्यावर, स्टिरिओ आवाज फाटण्याच्या थोडा खाली, ५० हर्ट्झचा टोन. हवे तेवढे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट आणि २ ओहमला २४.५ व्होल्ट. ॲम्पच्या आउटपुटवर तेवढे एसी व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा आणि सोडून द्या. लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर. मग सब जोडा आणि त्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) एकदा उलटी करून ऐका. ज्या जोडणीत चालकाच्या सीटवर बेस जास्त भरीव आणि पुढून आल्यासारखा वाटेल ती ठेवा. वायरीच्या रंगावर जाऊ नका.

आता एक सापळा, ज्याने माझे दोन दिवस खाल्ले होते. नवा सब, नवा ॲम्प, सगळं चोख. पण गाणं बंद असतानाही, इंजिन चालू केलं की मागून घुमणारा एक जड सूर. मी अर्थ तीनदा बदलला, सिग्नलच्या आरसीए वायरी बदलल्या, अल्टरनेटरवर संशय घेतला. शेवटी छताच्या अस्तरात छोटे माइक दिसले. गाडीत इंजिनाची घरघर कमी करण्यासाठी उलट्या लाटा सोडणारी यंत्रणा होती, आणि त्या लाटा सबमधून सुटत होत्या. जुन्या सबच्या मापाने ठरवलेल्या त्या लाटा आता कितीतरी पट मोठ्या होऊन माइकमध्ये परत जात होत्या, आणि यंत्रणा स्वतःच्याच आवाजाशी भांडत बसली होती. माइकचा कपलर काढला, सूर थांबला. मात्र त्यानंतर इंजिनाची घरघर थोडी जास्त ऐकू येते, हे मालकाला आधी सांगून ठेवलेलं चांगलं. तुमच्या गाडीत असे माइक आहेत का, ते काम सुरू करण्याआधी बघा. सिग्नल कुठून घ्यायचा हेही कधीकधी त्यावरच ठरतं.

तुमच्या जागी मी असतो तर जुना ८ इंची सब ट्रेमध्ये तसाच ठेवला असता, त्याची खडखड मिटवली असती, आणि डिकीत १० इंचीचा बंद बॉक्स दाराच्या चॅनलवरून सिग्नल घेऊन स्वतंत्र ॲम्पवर चालवला असता. दोन्ही सब एकमेकांना छेद देत असतील तर जुन्याचा कपलर सोडवायचा, पण सब जागेवरच ठेवायचा. तो काढला तर ते भोक बंद करावं लागतं. मीटर घेऊन आधी ती ४५ हर्ट्झची चाचणी करा. आकडा थबकत नसेल, तर वरचं अर्धं काम वाचलं.